उबुंटू २४.०४ टाकलं, आता पुढे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ जुन्या लॅपटॉपवर बसेना, म्हणून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स सिस्टीम) टाकलं. तेव्हापासून मला व्हॉट्सॲपवर रोज तेच ते प्रश्न येतात, आणि निम्म्यांच्या शेवटी एकच ओळ असते: "आता फॉरमॅट मारू का?" दुकानात लॅपटॉप नेला की पहिलं वाक्य तेच ऐकायची आपल्याला सवय आहे. इथल्या जवळपास सगळ्या अडचणी फॉरमॅट न मारता सुटतात. जिथं सुटत नाहीत, ते शेवटच्या प्रश्नात सांगितलंय.

एक सूचना आधीच. कमांड मी मुद्दाम देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत, स्वतःच्या हातानं टाइप करायच्या. न वाचता कॉपी-पेस्ट करून एंटर दाबणाऱ्यांचेच मेसेज मला सगळ्यात जास्त येतात.

१. २४.०४ म्हणजे काय? दर सहा महिन्यांनी नवीन टाकावं लागतं का?

२४ म्हणजे साल २०२४ आणि ०४ म्हणजे एप्रिल. ही आवृत्ती २५ एप्रिल २०२४ ला आली. टोपणनाव नोबल नम्बॅट. नम्बॅट हा ऑस्ट्रेलियातला वाळवी खाणारा छोटा प्राणी. ही एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती आहे आणि तिला २०२९ पर्यंत पाच वर्षं मोफत सुरक्षा अपडेट मिळतात. मधल्या सहामाही आवृत्त्यांकडे बघायचीही गरज नाही. घरच्या, दुकानाच्या किंवा शाळेच्या मशीनवर एलटीएसच ठेवा.

'उबुंटू प्रो घ्या' असं काही दिसलं तर पैसे मागतायत असं समजू नका. वैयक्तिक वापरासाठी ते पाच मशीनपर्यंत फुकट आहे. नाही घेतलं तरी काही बंद पडत नाही.

२. माझा लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम. फार हळू चालतोय. चूक माझी की उबुंटूची?

कोणाचीच नाही. ४ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क ही कमीत कमी गरज आहे, ऐसपैस चालण्याचं माप नव्हे. ब्राउझरचे दहा टॅब उघडले की ४ जीबी तिथंच संपते. त्यातून डिस्क फिरती, जुन्या पद्धतीची असेल तर एसएसडी बसवा. त्याइतका फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही. खर्च करायचा नसेल तर झुबुंटू किंवा लुबुंटू टाका. आतून उबुंटूच, डेस्कटॉप हलका. फक्त त्यांना पाचऐवजी तीन वर्षांचा सपोर्ट असतो.

३. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइपच होत नाही. कीबोर्ड बिघडला का?

नाही, टाइप होतोय, दिसत नाही एवढंच. ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत, कर्सरही हलत नाही. मागून बघणाऱ्याला पासवर्ड किती अक्षरी आहे तेही कळू नये म्हणून असं केलंय. टाइप करा, एंटर दाबा.

४. काहीही इन्स्टॉल करायला गेलं की "कुड नॉट गेट लॉक" येतं. लॉक फाइल डिलीट करू का?

अजिबात नको. त्या ओळीतच पुढे कुठल्या प्रोसेसनं लॉक धरलंय त्याचं नाव असतं, आणि बहुतेक वेळा ते 'अनअटेंडेड-अपग्रेड' असतं. म्हणजे मशीन मागच्या बाजूला आपलं आपण सुरक्षा अपडेट घेतंय. पहिल्यांदा सुरू केल्यावर हे हमखास होतं. चहा करून या. लॉक फाइल उडवली तर दोन कामं एकाच रजिस्टरमध्ये एकदम लिहू लागतात आणि पॅकेजांची नोंदवही फाटते. अर्धा तास होऊनही सुटलं नाही तर रीस्टार्ट करा आणि 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' द्या. अर्धवट राहिलेलं काम पूर्ण होतं.

५. वाय-फायच दिसत नाही आणि वाय-फायचा ड्रायव्हर घ्यायला इंटरनेट लागतं म्हणे. आता?

फोन यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. उबुंटूला ते वायरच्या इंटरनेटसारखं दिसतं, ड्रायव्हर लागत नाही. मग 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडा आणि यादीत जे सुचवलंय ते निवडा. ब्रॉडकॉमच्या चिपवाल्या जुन्या लॅपटॉपांचा प्रश्न बहुधा इथंच मिटतो. सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पुढच्या वेळी निळी स्क्रीन येईल, त्यासाठी प्रश्न ६.

लॅपटॉप अगदी नवा असेल तर गोष्ट उलटी असते. २४.०४ सोबत आलेला कर्नल (सिस्टीमचा गाभा) ६.८ आहे आणि तुमची चिप त्याच्यानंतर जन्मलेली असू शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या २४.०४.३ च्या आयएसओमध्ये (इन्स्टॉल करायच्या फाइलमध्ये) कर्नल ६.१४ आहे. पेनड्राइव्ह त्याच किंवा त्यानंतरच्या २४.०४ च्या आयएसओचा बनवा. मित्रानं दोन वर्षांपूर्वी दिलेला पेनड्राइव्ह वापरू नका.

६. रीस्टार्ट केल्यावर निळ्या स्क्रीनवर 'परफॉर्म एमओके मॅनेजमेंट' आलं. व्हायरस आहे का?

नाही. इन्स्टॉल करताना किंवा ड्रायव्हर टाकताना तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगितला होता, आठवतंय? तो इथं द्यायचा. 'एनरोल एमओके', मग 'कंटिन्यू', मग 'येस', मग तो पासवर्ड, मग 'रीबूट'. अर्थ एवढाच की या ड्रायव्हरवरची सही मला मान्य आहे, असं तुम्ही मशीनला समोर बसून सांगताय.

गोची अशी की ती स्क्रीन काही सेकंदच थांबते. तुम्ही घाबरून फोटो काढेपर्यंत ती निघून जाते आणि मशीन ड्रायव्हरशिवाय सुरू होतं. संधी हुकली असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट बंद करणं हा सोपा मार्ग. पण त्याच मशीनवर विंडोज असेल तर आधी प्रश्न १५ वाचा.

७. इन्स्टॉल नीट झालं, पण सुरू केल्यावर स्क्रीन काळीच.

ग्राफिक कार्ड एनव्हिडियाचं आहे का? बहुतेक असतंच. मशीन सुरू होताना एस्केप एकदा दाबा (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा), ग्रब मेनू (काय सुरू करायचं ते निवडायची यादी) येईल. पहिल्या ओळीवर राहून 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दानं सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्यात 'क्वाएट स्प्लॅश' हे शब्द दिसतील. त्यांच्यापुढे एक जागा सोडून 'नोमोडसेट' लिहा आणि एफ१० दाबा. चित्र ओबडधोबड येईल, पण येईल. मग 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' द्या आणि रीस्टार्ट करा. 'नोमोडसेट' त्या एका वेळेपुरतंच असतं, नंतर काढायची भानगड नाही.

८. वर्डसारखं काहीच नाही, व्हिडिओही चालत नाहीत. अर्धंच इन्स्टॉल झालं का?

पूर्ण झालंय. २४.०४ चा इन्स्टॉलर 'डिफॉल्ट' निवडला तर ब्राउझर आणि थोडी साधनं एवढंच टाकतो. लिबरऑफिस हवं तर 'एक्स्टेंडेड' निवडावं लागतं. आता ॲप सेंटरमधून लिबरऑफिस घ्या, झालं.

व्हिडिओसाठी 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज'. यात एक फसवी जागा आहे. मधेच मायक्रोसॉफ्टच्या फाँटचा परवाना टर्मिनलमध्ये उघडतो, खाली 'ओके' दिसतं आणि माउसनं कितीही क्लिक केलं तरी ढिम्म. टॅब दाबा, 'ओके' रंगलं की एंटर. पुढच्या स्क्रीनवर टॅबनं किंवा बाणानं 'येस'वर जाऊन पुन्हा एंटर. माझ्या मावशीनं ती खिडकी रात्रभर तशीच ठेवली होती, "आपोआप होईल" म्हणून. खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली असेल तर प्रश्न ४ मधली शेवटची कमांड द्या.

९. "फायरफॉक्स, १३ दिवस शिल्लक" असा मेसेज येतोय. ट्रायल संपतेय का?

हा माझा आवडता प्रश्न. पैसे, ट्रायल, लायसन्स यातलं काहीच नाही. फायरफॉक्स इथं स्नॅप या प्रकारच्या पॅकेजमधून येतो. तो चालू असताना त्याचं अपडेट करता येत नाही, म्हणून 'एकदा बंद करा' असं तो सांगतोय. १३ दिवसांत तुम्ही बंद केलाच नाहीत तर तो अपडेट रेटून नेईल. फायरफॉक्स पूर्ण बंद करा, थोड्या वेळानं उघडा.

१०. मराठी टाइप कसं करायचं? मला गमभनची सवय आहे.

मग तुमचं नशीब चांगलं. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल आयबस-एम१७एन' द्या आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. ही पायरी लोक गाळतात आणि मग यादीत काहीच दिसत नाही. नंतर सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, 'ॲड'. मराठीत शिरलात की गमभन, इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स असे बरेच पर्याय दिसतील. भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस.

नवीन शिकणाऱ्यांना मी इन्स्क्रिप्टच सुचवतो. दोन आठवडे बोटं चुकतात, मग सुटतात. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यातला ऱ्य कसा काढायचा हे प्रत्येक जण विचारतो. जे या कळीवर र आहे, शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो. मग डी (हलन्त), मग तिरक्या रेघेची कळ (य). साधा र वापरलात तर 'दर्या' होतो, आणि दर्या म्हणजे समुद्र.

ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर लिबरऑफिसमध्ये त्या मजकुराची भाषा मराठी आहे का बघा. हिंदी असेल तर नोटो फाँट हिंदी वळणाची अक्षरं देतो, मराठी केली की तोच फाँट आपल्या वळणाची देतो. सरळ लोहित मराठी फाँट वापरला तरी चालतं.

सगळी सिस्टीमच मराठीत केलीत तर लॉगिन करताना एक खिडकी विचारते: फोल्डरांची नावंही मराठीत करू का? 'जुनीच ठेवा' म्हणा. नाहीतर टर्मिनलमध्ये दर वेळी 'डाउनलोड' देवनागरीत टाइप करत बसाल.

११. ऑफिसच्या जुन्या मराठी फायली उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

त्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या काळातल्या आहेत: आत रोमन चिन्हं आणि वर मराठी चेहऱ्याचा फाँट. फाँट नसला की मुखवटा गळून पडतो. विंडोजवर वापरत होतात ती फाँटची फाइल मिळवा, तिच्यावर डबलक्लिक करून 'इन्स्टॉल' दाबा आणि लिबरऑफिस बंद करून उघडा. वाचण्यापुरतं काम होईल. ज्या फायलींमध्ये पुढेही लिहायचंय त्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

१२. डाउनलोड केलेल्या डेब फाइलवर (उबुंटूसाठीच्या इन्स्टॉल फाइलवर) डबलक्लिक केलं तर काहीच होत नाही.

२४.०४ आलं तेव्हा नव्या ॲप सेंटरला डेब फाइल टाकताच येत नव्हती. अपडेटमध्ये ते सुधारलं, म्हणून आधी सगळे अपडेट घ्या. तरी नाही झालं तर त्या फोल्डरमध्ये उजवं क्लिक करून टर्मिनल उघडा, 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल', मग एक टिंब, तिरकी रेघ आणि लगेच फाइलचं नाव. टिंब आणि रेघ विसरलात तर ॲप्ट ते नाव आपल्या पॅकेजांच्या यादीत शोधतं आणि "असं पॅकेज नाही" म्हणतं.

१३. ॲपइमेज फाइलला 'एक्झिक्युटेबल' केलं, तरी उघडत नाही.

ॲपइमेज म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारी ॲपची फाइल. तिला फ्यूज २ ची लायब्ररी लागते आणि ती आता आधीपासून नसते. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत 'लिबफ्यूज२' लिहिलेलं असतं, पण २४.०४ मध्ये त्या नावाला टी६४ असं शेपूट लागलंय: 'लिबफ्यूज२टी६४'. हे शेपूट अनेक पॅकेजांना दिसेल. ३२ बिटांत सेकंद मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला उलटणार आहेत, त्याच्या तयारीची ही खूण.

सावधान, नुसतं 'फ्यूज' नावाचं पॅकेज टाकू नका. ते फ्यूज ३ ला हटवतं आणि त्याच्यासोबत डेस्कटॉपचे भागही जाऊ शकतात. मी हे केलंय. ॲप्ट 'हे काढणार आहे' म्हणून यादी दाखवत होतं, मी न वाचता 'वाय' दाबलं आणि ती संध्याकाळ दुरुस्तीत गेली.

लायब्ररी टाकूनही सँडबॉक्सची (ॲपला बंदिस्त ठेवणाऱ्या कुंपणाची) तक्रार येत असेल तर कारण वेगळं आहे. २४.०४ मध्ये ॲपआर्मरनं (उबुंटूच्या सुरक्षा पहारेकऱ्यानं) साध्या प्रोग्रामांच्या यूजर नेमस्पेस (असं कुंपण उभारायची सोय) वापरण्यावर बंधन आणलंय. 'नो-सँडबॉक्स' लावून ॲप उघडतं खरं, पण म्हणजे कुलूप काढून दार उघडणं. त्याच ॲपची डेब किंवा स्नॅप मिळत असेल तर ती घ्या.

१४. विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे. बँकेची साइटही उघडत नाही.

मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ लिहितं आणि लिनक्स जागतिक वेळ लिहितं. दोघांत फरक साडेपाच तासांचा. जो शेवटी लिहून जातो त्याची वेळ दुसरा आपल्या पद्धतीनं वाचतो. वेळ चुकली की साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटू शकतं, बँकेची साइट म्हणूनच अडते. उबुंटूमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' द्या आणि विंडोजमधली वेळ एकदा नीट करा. पुन्हा त्रास होणार नाही.

१५. भावाच्या नव्या लॅपटॉपवर टाकतोय, इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही.

बायोसमध्ये इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या पद्धती) चालू असेल. ते बंद करून एएचसीआय (डिस्क हाताळायची साधी पद्धत) केलं की डिस्क दिसते. पण थांबा, आधी दोन कामं. एक, विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू आहे का बघा. बायोसमधल्या अशा बदलानंतर (सिक्युअर बूट बंद केल्यावरही) विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ते खातं कोणाच्या ईमेलवर काढलंय हे आत्ताच शोधा, रात्री अकराला नको. दोन, विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मगच एएचसीआय करा, नाहीतर विंडोज सुरू होताना अडकतं. भाऊ ऑफिसचं काम करत असेल तर हा प्रयोग त्याच्या सुट्टीच्या दिवशी करा.

१६. विंडोजचा डी ड्राइव्ह उघडत नाही, "बॅड सुपरब्लॉक" म्हणतो. डेटा गेला का?

गेलेला नसतो. संदेश भीतीदायक आहे, कारण साधं. विंडोज बंद करताना ते पूर्ण बंद होत नाही, 'फास्ट स्टार्टअप'मुळे अर्धवट झोपतं आणि ड्राइव्हवर "वापरात आहे" अशी खूण ठेवतं. विंडोजमध्ये जा, पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा, डी ड्राइव्हवर 'चेकडिस्क' चालवा आणि मग शटडाउन. न काढता उपसलेल्या पेनड्राइव्हलाही हाच उपाय.

१७. पिपनं (पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या साधनानं) काही टाकायला गेलं की "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट". कॉलेजचं सबमिशन उद्या आहे.

सिस्टीमचं पायथन सिस्टीम स्वतः वापरते, म्हणून त्यात पिपला हात घालू देत नाहीत. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व्ह' टाका, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'पायथन३ -एम व्हेन्व्ह एन्व्ह' द्या, ते सुरू करा आणि त्याच्या आत पिप वापरा. 'ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस' हा पर्याय तुमचे मित्र सांगतील. त्याचं नाव पुरेसं बोलकं आहे.

१८. प्रिंटर चालेल का? आणि टॅली?

गेल्या काही वर्षांतले वाय-फाय प्रिंटर बहुतेक आपोआप दिसतात. एचपी लेझरजेट १०२० सारख्या जुन्या मशीनना 'एचपी-प्लगइन' चालवावं लागतं. गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांत असतो तो कॅननचा एलबीपी २९०० कॅप्ट नावाच्या वेगळ्याच भाषेत बोलतो, त्याच्यात वेळ घालवू नका. टॅली विंडोजसाठीच बनतं. दुकानाचा हिशेब त्यावर असेल तर ते मशीन विंडोजवरच राहू द्या.

१९. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली की समोरच्याला काळं दिसतं.

लॉगआउट करा, आपल्या नावावर क्लिक करा, खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक येतं. तिथं 'उबुंटू ऑन झॉर्ग' निवडा. जुनी ॲप्स वेलँडवर (स्क्रीनवर चित्र दाखवायच्या नव्या पद्धतीवर) स्क्रीन पकडू शकत नाहीत, म्हणून झॉर्ग ही जुनी पद्धत. ब्राउझरमधून मीटिंग केली तर बहुधा वेलँडवरही चालतं.

२०. लॉगिनचा पासवर्ड विसरलो.

ग्रबमध्ये (कसं उघडायचं ते प्रश्न ७) 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'रिकव्हरी मोड', मग 'रूट'. 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू' आणि एक जागा सोडून तिरकी रेघ. मग 'पासडब्ल्यूडी' आणि तुमचं युजरनेम. नवा पासवर्ड दोनदा द्या. लॉगिन झाल्यावर कीरिंग (सेव्ह केलेले पासवर्ड ठेवायची तिजोरी) जुना पासवर्ड मागेल. तो आठवत नसेल तर ती कीरिंग उडवून नवी करा.

इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल आणि तोच पासवर्ड विसरला असाल तर मात्र मार्ग नाही. कोणी दोन हजारांत काढून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

२१. मग फॉरमॅट कधीच मारायचं नाही का?

मला तीनच प्रसंग पटतात. वर सांगितलेली एन्क्रिप्टेड डिस्क, २२.०४ वरून २४.०४ ला जाताना मध्येच लाइट जाऊन अर्धवट लटकलेलं मशीन. आणि 'डिस्क्स' ॲपमध्ये स्मार्टच्या (डिस्कच्या स्वतःच्या तब्येत-तपासणीच्या) नोंदीत बिघाड दाखवणारी डिस्क. शेवटच्यात फॉरमॅट नव्हे, डिस्कच बदलायची.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रसंगात आधी पेनड्राइव्हवरून 'ट्राय उबुंटू' करून जुनं होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. कंट्रोल आणि एच दाबून लपलेली फोल्डरं दिसू द्या, तीही घ्या. लोक डॉक्युमेंट्स आणि फोटो घेतात आणि होममधलं 'स्नॅप' नावाचं फोल्डर 'हे सिस्टीमचं असेल' म्हणून सोडतात. फायरफॉक्सचे बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड त्याच्या आत असतात.